गडग्यापलीकडून दिसणारे माड

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन ओटीवर आला. मुलगा म्हणते ते सवयीनं; चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. पण शाळेत मी त्याला भूगोल शिकवला, त्यामुळे तो मला अजून ‘बाई’ म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करते. मुंबईची नोकरी आटोपून तो रत्नागिरीच्या झाडगावात परत आला, वडिलांचं कौलारू घर उतरवून तिथे स्लॅबचं घर बांधलं आणि गच्चीवर सौर पॅनेल बसवली.

“बाई, हे बघा,” म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ होती, सकाळी चढत गेलेली आणि संध्याकाळी उतरलेली. ऐन दुपारी मात्र डोंगराला खिंड पडावी तसा खड्डा. “ही तुमच्या माडांची सावली. ऑक्टोबरपासून रोज हेच चाललंय. काहीतरी करायला हवं.”

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : “माड आधीचे आहेत, तुझं घर नंतरचं.”

त्यात खोटं काही नव्हतं. गडग्याला लागून असलेले ते पाच माड माझ्या मामंजींनी १९७१ साली लावले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते माझ्याहून थोडेच उंच होते. पण माझं वाक्य ऐकून तो गप्प झाला आणि चहा न घेता निघून गेला. रत्नागिरीत कोणी चहा न घेता उठलं की समजावं, प्रकरण साधं नाही.

झाडांवरून भांडणं कोकणाला नवी नाहीत. जमीन एकाची आणि त्यातलं कलम दुसऱ्याचं, अशा नोंदी सातबाराच्या इतर हक्कांत अजून सापडतात. बांधावरचा फणस नेमका कोणाचा, एवढ्यावरून दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घरं बहुतेक वाडीत दाखवता येतील. मला त्या यादीत जायचं नव्हतं. पण माड तोडायचेही नव्हते. मग करायचं काय, याचा शोध घेताना मी जे शिकले, ते इथे लिहिते आहे. आज ना उद्या हा प्रसंग परसात झाड असलेल्या कोणावरही येणार आहे.

काठी आणि सावली

माझ्यातली भूगोलाची बाई आधी जागी झाली. सावली पडते म्हणतो, तर किती पडते ते मोजू. झाडाची उंची मोजायची जुनी रीत मी वर्गातल्या मुलांकडून करून घेत असे : एक मीटरची काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची, त्याच वेळी झाडाची सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. मी काठी आणि टेप घेऊन परसात गेले आणि तिथे माझी अडचण झाली. आमच्या परसात माडांची सावली नव्हतीच. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारची सावली उत्तरेला पडते, आणि उत्तरेला गडग्यापलीकडे त्याचं घर. म्हणजे माझ्या माडांची सावली मोजायची तर मला त्याच्या अंगणात जाणं भाग होतं.

टेप हातात घेऊन मी गडगा ओलांडून गेले. त्याची आई दारात उभी होती. “या ताई,” एवढंच म्हणाली आणि टेपचं दुसरं टोक तिनं धरलं.

दुपारी काठीची सावली भरली ७८ सेंटिमीटर. मधल्या माडाची, बुंध्यापासून मोकळ्या अंगणातल्या टोकापर्यंत, ३९ फूट. म्हणजे माड झाला ५० फुटांचा. पुढचा हिशेब मी रात्री वहीत केला. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस सगळ्यात लहान दिवशी भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. त्याची पॅनेल जमिनीपासून १५ फुटांवर. त्यांच्या वर माड उरतो ३५ फूट. त्या ३५ फुटांची सावली सुमारे ३० फूट लांब जाते. माडापासून गच्ची १२ फुटांवर सुरू होते. म्हणजे डिसेंबरात गच्चीचा दक्षिणेकडचा १८ फुटांचा पट्टा दुपारी सावलीत जातो.

मार्चच्या विषुवदिनी हीच सावली पावणेअकरा फुटांवर येते आणि गच्चीच्या अलीकडेच थांबते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली उलट माझ्याच बाजूला वळते. म्हणजे त्याची अडचण बाराही महिन्यांची नव्हती, ऑक्टोबर ते मार्चच्या मध्यापर्यंतची होती. पण कोकणात लख्ख ऊन मिळतं त्यांतले बहुतेक महिने हेच. पावसाळ्याचे चार महिने आकाशच बंद असतं. शिवाय पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते.

तेव्हा तक्रार खरी होती. माझं ‘माड आधीचे’ हेही खरं होतं. दोन्ही खरं असताना आता कोणी काय करायचं, एवढाच प्रश्न उरला.

त्याच्या गच्चीवरून

आकडे घेऊन मी पुन्हा गेले, या वेळी थेट गच्चीवर. तिथून मी माझे माड पहिल्यांदा पाहिले. इतकी वर्षं मी त्यांना खालून वर बघत आले होते. न्हाणीच्या दारातून ते एका रांगेत, सरळ दिसतात. गच्चीवरून दिसलं की पाचांतले दोन चांगलेच पलीकडे कललेले आहेत. माड उजेडाकडे झुकतो. आमच्या बाजूला फणसाची दाट सावली, त्यांच्या बाजूला मोकळं आकाश. पन्नास वर्षं ते बिचारे उजेड शोधत शेजारच्या हद्दीत जात होते आणि मला पत्ता नव्हता. त्या दोघांतल्या एकाच्या खोडाला दहा-बारा फुटांवर भोकं होती आणि त्यांतून तपकिरी चिकट ओघळ उतरले होते. ती भोकं गडग्यापलीकडच्या अंगाला होती. आमच्या अंगणातून ती दिसणं शक्यच नव्हतं.

त्याची आई शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, “ताई, तुमच्याकडून हे माड डुलताना दिसतात. आमच्याकडून अंगावर येताना दिसतात.”

मग तिनं १६ मे २०२१ चा दिवस सांगितला. तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून गेलं तो रविवार. तेव्हा जुनं कौलारू घर होतं आणि घरात ती एकटीच. चुडतं कौलांवर येऊन आपटत होती. तिनं अंथरूण ओढत उत्तरेच्या खोलीत नेलं आणि रात्रभर बसून राहिली. सकाळी मोजली तर चाळीसेक कौलं फुटली होती. त्याच्या आदल्या वर्षीच, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. ती दृश्यं तिच्या डोळ्यांपुढे होती.

“तेव्हा बोलला का नाहीत, वहिनी?”

“यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. आणि शाळेच्या बाईंना काय सांगणार, की तुमचे माड घाबरवतात?”

दर नारळी पौर्णिमेला दहा नारळ पाठवले की शेजारधर्म झाला, अशी माझी समजूत होती. नारळ मी मोजून पाठवत होते, कौलं मात्र कधी मोजायला गेले नव्हते.

माडाच्या बाबतीत आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकवलं जातं : नारळाला डोळे असतात, तो कोणाच्या डोक्यावर पडत नाही. सोललेल्या नारळावर तीन डोळे असतात खरे, पण त्यांतून त्याला खालचं काही दिसत नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्यानं चालत जाणाऱ्या एका महिलेवर माड कोसळला आणि ती दगावली. शेजारी घाबरला असेल तर त्याला हे डोळ्यांचं वाक्य ऐकवू नये. आपणच वर चढवून तपासून घ्यावं.

एका तक्रारीत किती तक्रारी

‘तुमची झाडं फार वाढलीत’ हे वाक्य कानावर आलं की आपण लगेच तोडायची की ठेवायची यावर येतो. पण या वाक्याच्या पोटात पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात : सावली, कचरा, पडण्याची भीती, मुळं आणि हद्दीवर आलेल्या फांद्या. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि बहुतेक उपायांत कुऱ्हाड लागत नाही.

मुळांचंच घ्या. “माडाची मुळं माझ्या जोत्यात शिरतील,” अशीही एक भीती त्यानं बोलून दाखवली होती. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्यातून हजारो दोरीसारखी मुळं फुटतात आणि ती वडा-पिंपळासारखी वर्षागणिक जाड होत नाहीत. त्यामुळे माड जोतं फोडत नाही. वडा-पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीत दिसलं तर मात्र त्याच दिवशी उपटावं. फणसाची मुळं जाड होतात. गडग्याचे चिरे उचलले जाताना मी पाहिले आहेत.

कचऱ्याचा हिशेबही सोपा आहे. माड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकतो, महिन्याला एक. पाच माडांच्या वर्षाला साठ. पाच-सहा मीटर लांब आणि दहा किलोच्या वर वजनाची झावळी कोणाच्या पागोळीवर पडली तर तो चिडणारच. माणूस चढवून सुकलेल्या झावळ्या वेळेवर उतरवल्या तर हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. अडचण एवढीच की चढणारी माणसं कमी झाली आहेत. नारळ विकास मंडळानं २०११ पासून यंत्राच्या साहाय्यानं माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यातून तयार झालेली मुलं काही गावांत मिळतात. आमच्याकडे येणारा माडामागे शंभर रुपये घेतो. पाच माडांचे पाचशे. एका फुटलेल्या पॅनेलच्या मानानं हे काहीच नाही.

उंचीबद्दल मात्र एक गोष्ट शेजाऱ्याला शांतपणे समजावून द्यावी लागते. “शेंडा मारून दहा फूट कमी करा,” असं माझ्या विद्यार्थ्यानंही सुचवलं होतं. आंब्याचं चालतं. वाढलेल्या कलमाची मधली फांदी काढून उंची उतरवता येते, आत ऊन येतं, फळही सुधारतं. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली की झालं. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्यात. तो कापला की माड मेला. हिरव्या झावळ्या ओरबाडून मुंडा केला तर झाड अशक्त होतं आणि वाऱ्यात जास्त धोक्याचं ठरतं. माड एकतर पूर्ण ठेवायचा किंवा पूर्ण काढायचा.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही, पण निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो.

आमच्या झाडगावाचा काही भाग नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, काही हद्दीबाहेर. गावाचं नाव एक, पण हद्द ओलांडली की झाडाचा कायदा बदलतो. हद्दीच्या आत महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. झाड तुमच्या स्वतःच्या परसात असलं, तुम्हीच लावलेलं असलं, तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि या कायद्यात ‘तोडणं’ म्हणजे फक्त बुंध्यावर घाव घालणं नव्हे. फांद्या छाटणं, शेंडा उडवणं, गोल साल सोलून झाड सुकवणं, जाळणं, औषध घालून मारणं, सगळं त्यात येतं. मुळाशी भोक पाडून रात्री काहीबाही ओतणारे शूर लोक प्रत्येक गावात असतात. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२०२१ च्या दुरुस्तीनं यात भर पडली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं, आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. मामंजींनी १९७१ साली सहज खड्डे काढून लावलेले माड असे माझ्या नकळत वारसा झाले. दुसऱ्या बाजूनं, झाड मेलेलं असेल, रोगट असेल किंवा जीवाला-मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये, असंही कायदाच सांगतो. म्हणून अर्जात ‘शेजाऱ्याची तक्रार आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा झाडाची अवस्था लिहावी आणि फोटो जोडावेत.

हद्दीबाहेर, गावात, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्यात झाडांची यादी दिली आहे : आंबा, फणस, चिंच, जांभूळ, सागवान, हिरडा, खैर, ऐन, किंजळ अशी. यादीतलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. माड त्या यादीत नाही. गडग्याच्या अलीकडे परवानगी आणि पलीकडे मोकळीक, अशी गंमत हद्दीवरच्या घरांत होऊ शकते. तेव्हा आधी आपलं घर कोणत्या हद्दीत आहे ते पाहावं.

शेजाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यालाही आधार आहे. झाड पडायच्या बेतात असेल आणि शेजारपाजाऱ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, तर प्रांताधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. सावलीबद्दल मात्र कायदा इतका उदार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे घराला येणाऱ्या उजेडाचा हक्क मिळायला तो वीस वर्षं अखंड, बिनतक्रार उपभोगावा लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या पॅनेलला तो हक्क कुठून येणार?

आपल्या हद्दीत आलेली शेजारच्या झाडाची फांदी आपण आपल्या जागेत उभं राहून छाटू शकतो, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९४ साली एका खटल्यात पक्कं केलं. छाटलेलं लाकूड आणि फळ मात्र झाडाच्या मालकाचंच. पण शहरात छाटणीलाही परवानगी लागते हे वर सांगितलंच, त्यामुळे या तत्त्वाच्या भरवशावर कोयता उचलू नये. जपानमध्ये तर गंमतच होती. शेजारच्या झाडाची मुळं आपल्या जमिनीत आली तर कापायची मुभा, पण फांदी आली तर मालकालाच सांगायचं, स्वतः हात लावायचा नाही. एप्रिल २०२३ पासून त्यांनी नियम बदलला : सांगूनही मालकानं वाजवी मुदतीत काही केलं नाही, तर शेजाऱ्यानं फांदी कापावी. इंग्लंडमध्ये २००५ पासून दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाबद्दल स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. पण तक्रारदारानं आधी शेजाऱ्याशी बोलून मिटवायचा प्रयत्न केला नसेल तर परिषद ती तक्रार ऐकायला नकार देऊ शकते. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

आणि कोर्ट? १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. झाडांची निगा राखण्यात कसूर केल्याबद्दल महानगरपालिका जबाबदार आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९९ साली. पस्तीस वर्षांनी. त्या निकालातून घेण्यासारखं एकच : झाड ज्याचं, त्यानं ते धोक्याचं झालंय का हे बघत राहायचं असतं. ‘मला माहीतच नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. खोडातली भोकं पलीकडच्या बाजूला होती म्हणून मला दिसली नाहीत, हे माझं म्हणणं कोणत्याही न्यायाधीशानं ऐकून घेतलं नसतं.

वहीचं अर्धं पान

भोकं पडलेला माड सोंड्या भुंग्यानं पोखरला होता. गेंड्या भुंगा कोवळ्या पानांना कात्रीनं कापावं तसे त्रिकोण पाडतो, तो ओळखू येतो. सोंड्या खोडात शिरून आतून पोकळ करतो आणि बाहेर फक्त भोकं आणि ओघळ दिसतात. कान लावला तर कुरतडल्याचा आवाजही येतो. मी कान लावला. आवाज आला.

त्या एका माडासाठी मी अर्ज केला. पाहणी झाली, खोडावर नोटीस लागली, परवानगी मिळाली. माड कसा उतरवतात हे माझ्या विद्यार्थ्यानं कधी पाहिलं नव्हतं. गडी वर चढला, आधी नारळ आणि झावळ्या दोरानं खाली सोडल्या, मग खोडाचे तुकडे करत तो खाली येत गेला. वहिनी दिवसभर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळ्यात खालचा सहा फुटांचा तुकडा फोडला तर आत भुसा. खर्च मी केला. माड माझा होता.

मग आम्ही तिघं ओटीवर बसलो आणि वहीच्या अर्ध्या पानावर लिहून काढलं. कललेला दुसरा माड निरोगी आहे, तो राहील. पण त्यावर नारळ पिकू द्यायचे नाहीत, शहाळी असतानाच उतरवायची, म्हणजे जड काही खाली येणार नाही. उरलेले सगळे माड महिन्याला एकदा साफ होतील, आणि १५ मेच्या आत एकदा नीट तपासून. पॅनेल तो गच्चीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात हलवेल. गच्ची दक्षिणोत्तर चाळीस फूट आहे, सावली अठरा फुटांवर थांबते, हा आकडा त्याला पटला. तो खर्च त्याचा. त्याच्या अंगणात पडलेला नारळ त्याचा. खाली तिघांच्या सह्या. या कागदाला कोर्टात काय किंमत आहे, मी विचारलेलं नाही. पण बोलणं लिहिलं की ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ ही पुढची भांडणं टळतात. गावात राहणाऱ्यांना हेच काम तंटामुक्ती समितीसमोर बसून करता येतं.

तोडलेल्या माडाच्या बदल्यात लावायची रोपं आणायला मी भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात गेले. १९५५ पासून काजळीच्या खाडीपलीकडे हे केंद्र उभं आहे आणि रत्नागिरीकर बहुतेक वेळा त्याच्या समोरून समुद्रावर जातात. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावं, ही तिथली शिफारस जुनी आहे. माडाचा घेर प्रत्येक बाजूला चार मीटरच्या वर जातो, हे लक्षात घेतलं तर गडग्यापासूनही निदान पंधरा फूट आत लावायला हवं. मामंजींनी चार फुटांवर लावले. तेव्हा पलीकडे मोकळं परसू होतं आणि दोन्ही घरांचे पुरुष एकाच पंगतीला जेवायचे. मी काही ठेंगू जातीची रोपं आणली आणि ती घराच्या दक्षिणेला लावली. त्यांची सावली पडेल ती माझ्याच कौलांवर. बाकीची जागा मिळेल तशी लावायची आहेत. चोपन्न वर्षांच्या माडाची भरपाई एका परसात मावत नाही.

यंदा डिसेंबरात तो पुन्हा मोबाइल घेऊन आला. डोंगरातली खिंड अजून आहे, पण उथळ झाली आहे. या वेळी त्यानं चहा घेतला.

तक्रार करणाऱ्यालाही एक सांगते. कागद पाठवण्याआधी झाडवाल्याला आपल्या गच्चीवर बोलवा. त्याला त्याचं झाड तिथून कधी दिसलेलं नसतं.

आणि ज्यांच्या परसात झाडं आहेत त्यांनी तक्रारीची वाट पाहू नये. मे संपायच्या आत, पहिला वारा सुटायच्या आधी, एक दिवस शेजारच्या अंगणात जा आणि तिथे उभं राहून आपली झाडं बघून या.